तेलावरच्या बॉयलरचा वास घरात येतोय? आधी वासाची वेळ बघा

केरोसीन किंवा हीटिंग ऑइल जाळून घर आणि पाणी गरम करणारे बॉयलर मी वर्षानुवर्षं दुरुस्त करतो आहे. त्यात सगळ्यात जास्त वेळा परत येणारी तक्रार वासाची. बॉयलर बंद पडला तर लोक त्याच दिवशी फोन करतात, वास मात्र आठवडेच्या आठवडे सहन करत राहतात. तेलाचं यंत्र म्हटल्यावर थोडा वास यायचाच, अशी समजूत त्यामागे असते. ती साफ चुकीची आहे. नीट बसवलेला आणि नीट जळणारा बॉयलर राहत्या घरात वास सोडत नाही. वास येतोय म्हणजे कुठूनतरी तेल बाहेर येतंय, नाहीतर जळलेले वायू धुरांड्यातून जायचं सोडून घरात शिरताहेत.

तपासणीच्या आधी हे वाचा

घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय, अंगात त्राण नाही आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, असं असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. बॉयलर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि आपत्कालीन सेवेला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरीही हेच करायचं. कोणाला काही होत नसलं तरी.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी तासन्‌तास श्वासावाटे गेला की अंगात साठत जातो. तेल अर्धवट जळतं तेव्हा बहुतेक वेळा जळकट वासही सोबत येतो, पण त्या भरवशावर राहू नका. वास नाही म्हणजे वायू नाही, असा अर्थ होत नाही.

अलार्मबद्दल दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाप्रमाणे बनलेला अलार्म हवेत ५० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) वायू असेल तर ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे कमी प्रमाणातला वायू तासभर शांतपणे घरात असू शकतो. दुसरं म्हणजे टेस्टचं बटण दाबल्यावर आवाज आला, तर बॅटरी आणि भोंगा ठीक आहे एवढंच कळतं, आतला सेन्सर जिवंत आहे की नाही ते कळत नाही. सेन्सरचं आयुष्य साधारण ५ ते १० वर्षांचं असतं आणि बदलायची तारीख बहुधा मागच्या बाजूला छापलेली असते. आत्ता उठून ती तारीख बघून या.

लक्षणं: कुठला वास, कधी, कुठे

वासाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची कारणं पूर्ण वेगळी आहेत. एक कच्च्या तेलाचा, म्हणजे न जळलेल्या केरोसीनचा किंवा डिझेलचा. तो नाकात तेलकट बसतो. दुसरा जळकट, काजळीचा. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. कुठला आहे ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पहिल्यासाठी गळती शोधायची असते आणि दुसऱ्यासाठी हवेचा रस्ता.

त्यानंतर वेळ बघायची. माझा अनुभव असा की वास कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो, यावरून दोष लवकर सापडतो.

बॉयलर बंद असतानाही कच्च्या तेलाचा वास येत असेल तर टाकी, नळी, फिल्टर किंवा एखादा जोड गळतोय.

कच्चा वास फक्त बर्नर (तेल फवारून पेटवणारा भाग) थांबल्यावर काही मिनिटं येत असेल, तर नोझलमधून, म्हणजे तेल फवारणाऱ्या बारीक तोंडातून, मागाहून तेल ठिबकतंय. बर्नर बंद झाला तरी आतली भट्टी तापलेलीच असते. त्या उष्णतेवर ते तेल न जळता वाफाळतं.

सुरू होताना ‘धप्प’ असा आवाज, आणि त्यामागोमाग धुराचा भपकारा. हे उशिरा पेट घेण्याचं लक्षण. ठिणगी पडायच्या आधी तेल फवारलं जातं आणि साठलेलं तेल एकदम पेटतं. हा आवाज येत असेल तर वाट बघू नका.

जळकट वास बर्नर चालू असेपर्यंत सतत येत असेल तर भट्टीच्या दाराचं सील, धुरांड्याचा जोड किंवा आत साठलेली काजळी यांवर संशय घ्यायचा.

वास ठराविक दिशेच्या वाऱ्यातच येतो, किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावल्यावरच येतो. हे लक्षण लोक सांगतच नाहीत, मला खोदून विचारावं लागतं.

वरच्या मजल्यावरच वास आणि बॉयलरपाशी काहीच नाही, असं असेल तर धुरांडं वर जाताना मध्येच कुठेतरी फुटलंय किंवा जोड सुटलाय.

तेल भरून घेतल्यावर दोन दिवस वास येऊन गेला, तर बहुधा भरताना सांडलेलं तेल असतं किंवा टाकी गळ्यापर्यंत भरल्यामुळे हवा जाण्याच्या नळीतून बाहेर आलेलं. दोन दिवसांनंतरही तो टिकला तर गळती समजून चला.

नव्या बॉयलरला पहिल्या काही तासांत रंग तापल्याचा वास येतो, त्याची काळजी नको. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो तेलाचा नाहीच, सांडपाण्याची नळी किंवा घरातला गॅस तपासा.

बाहेर धुरांड्याच्या तोंडाशी काय दिसतं तेही बघा. एक लिटर केरोसीन जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं, त्यामुळे थंडीत पांढरा लोट दिसणं स्वाभाविक आहे. तो थोड्या अंतरावर विरून जातो आणि त्याला उग्र वास नसतो. लोट निळसर-पांढरा, रेंगाळणारा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर त्यात न जळलेलं तेल आहे. काळा असेल तर हवा कमी पडतेय.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

*नाक ताजं करा.* ज्या घरात आपण राहतो तिथल्या वासाला नाक पंधरा-वीस मिनिटांत सरावतं. बाहेर मोकळ्या हवेत थोडा वेळ फिरून या आणि मग एकेका खोलीत जा. बॉयलरपाशी सगळ्यात शेवटी जा. घरात न राहणाऱ्या कोणालातरी सोबत घेतलंत तर अजून चांगलं. सुगंधी फवारे वगैरे मारू नका, त्यांनी वास दबतो आणि शोधणाऱ्याचं काम अवघड होतं. एका कागदावर तीन-चार दिवस टिपून ठेवा: वास किती वाजता आला, बर्नर चालू होता की नुकताच थांबला होता, वारा होता का, पंखे चालू होते का. असा कागद समोर आला की माझं निम्मं काम झालेलं असतं.

*पंखे बंद करून बघा.* जे बॉयलर जळण्यासाठी खोलीतलीच हवा घेतात आणि चिमणीतून धूर सोडतात, त्यांच्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी. घर दारं-खिडक्या लावून घट्ट बंद केलेलं असतं. त्यात स्वयंपाकघरातला पंखा, बाथरूममधला पंखा, कपडे वाळवायचं यंत्र हे सगळे घरातली हवा बाहेर फेकत असतात. ती हवा कुठूनतरी परत यावी लागते. दुसरा रस्ता नसला की ती चिमणीतून खाली येते आणि येताना धूर घेऊन येते.

सगळे पंखे बंद करा, बॉयलरच्या खोलीची खिडकी उघडा, बर्नर चालू द्या. वास गेला? आता खिडकी लावून पंखे एकेक करून चालू करा. ज्या पंख्याला वास परत येतो तो सापडला म्हणजे कारण सापडलं. यानंतर खिडकी थोडी उघडी ठेवायची, एवढ्यावर भागवू नका. थंडीच्या दिवसांत कोणीतरी ती लावणारच. बॉयलरला कायम उघडी राहणारी, ठरलेल्या मापाची हवेची जाळी लागते, आणि ती असेल तर तिच्यात चिंध्या, फोम, वर्तमानपत्र कोंबलेलं नाही ना ते बघा. थंड झोत येतो म्हणून लोक ती हौसेने बुजवतात. मी किती घरांत बाहेरून जाळी व्यवस्थित आणि आतून कपाट लावून बंद केलेली पाहिली आहे.

चिमणीच्या पाइपावर वजनाने झुलणारी एक गोल झडप असेल (तिला ड्राफ्ट स्टॅबिलायझर म्हणतात), तर तिच्यापाशी उदबत्ती धरून बघा. मात्र कच्च्या तेलाचा वास येत असेल तर उदबत्ती, काडी, लायटर काहीही पेटवायचं नाही, ही तपासणी सोडून द्या. बर्नर पाचेक मिनिटं चालल्यावर धुराची रेघ झडपेच्या फटीकडे ओढली गेली पाहिजे. सरळ वर गेली तर खेच, म्हणजे चिमणीची धूर ओढून घेण्याची ताकद, कमी आहे. खोलीच्या बाजूला ढकलली गेली तर चिमणी उलटी वाहतेय, तिथेच बर्नर बंद करा. झडपेच्या कडेला आणि तिच्या समोरच्या भिंतीवर काजळीचा पुसट डाग असेल तर हे आधीपासून चालू आहे. चिमणी थंड असताना पहिलं अर्धं मिनिट उलटा झोत येऊन मग सुरळीत होणं शक्य असतं. पण तसं रोज होत असेल तर तेही सांगण्यासारखं लक्षण आहे.

*बाहेर जाऊन धुरांड्याचं तोंड बघा.* भिंतीतून बाहेर आलेलं तोंड तापलेलं असतं, हात लावू नका, नुसतं बघा. पालापाचोळा, पक्ष्याचं घरटं, वाढलेलं झुडूप, साचलेला बर्फ, नवीन घातलेलं कुंपण यातलं काहीही कारण असू शकतं. वरच्या भिंतीवर काळा पट्टा उठलाय का? तोंडाजवळ एखादी खिडकी किंवा हवेची जाळी आहे का? असेल तर बॉयलर निर्दोष असूनही त्याचा धूर त्या वाटेने घरात परत येतो.

हवा आणि धूर दोन्ही बाहेरूनच घेणारे-सोडणारे बॉयलर असतात, त्यांच्यात एका पाइपाच्या आत दुसरा पाइप असतो. आतल्यातून धूर जातो, बाहेरच्यातून ताजी हवा येते. तोंडासमोर अडथळा आला किंवा आतला जोड सरकला, तर बर्नर स्वतःचाच धूर परत ओढायला लागतो. मग ऑक्सिजन कमी पडतो, काजळी वाढते, वास वाढतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं. समोरचा अडथळा तुम्ही दूर करू शकता. आतला जोड मात्र तुमचं काम नाही.

*कंडेन्सेट ट्रॅप.* बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा असेल तर धुरातल्या वाफेचं पाणी होऊन ते एका वाकड्या नळीतून बाहेर जातं. त्या वळणात पाणी साठलेलं राहिलं पाहिजे, कारण तेच धुराला अडवतं. बॉयलर उन्हाळाभर बंद होता, किंवा सर्व्हिसच्या वेळी ट्रॅप धुऊन कोरडाच परत बसवला, तर धूर त्या नळीतून थेट खोलीत येतो. सर्व्हिसनंतर लगेच सुरू झालेल्या जळकट वासाचं हे एक नेहमीचं कारण आहे. तुमच्या पुस्तिकेत मालकाने ट्रॅप भरण्याची पद्धत दिलेली असेल तरच पाणी भरा. ट्रॅप बंद कव्हरच्या आत असेल तर राहू द्या.

थोडे कष्ट: गळती शोधणं

कच्च्या तेलाच्या वासासाठी लागतात पांढरे टिश्यू पेपर, चांगली बॅटरी आणि धीर. बॉयलर बंद करून पूर्ण गार होऊ द्या.

केरोसीन पातळ असतं आणि धातूवरून सरपटत जातं. थेंब जिथे लोंबकळताना दिसतो तिथे गळती असेलच असं नाही, ती हातभर वरच्या जोडाला असू शकते. म्हणून आधी टाकीपासून बर्नरपर्यंत दिसणारी सगळी नळी आणि सगळे जोड कोरडे पुसून काढा. मग प्रत्येक जोडाभोवती टिश्यूची पट्टी सैल गुंडाळा आणि दोनेक तास थांबा. तेल लागलेला कागद पारदर्शक होतो आणि उजेडासमोर धरला की स्पष्ट दिसतो. पाण्याचा डाग वाळतो, तेलाचा तसाच राहतो. सगळ्यात वरची जी पट्टी ओली झाली, तिच्याच जागी दोष.

क्रमाने बघायच्या जागा: टाकीची पातळी दाखवणारी नळी आणि तिच्या बुडाचा नळ, टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह, फिल्टरची वाटी, फायर व्हॉल्व्ह (आग लागली तर तेल आपोआप तोडणारा), बर्नरला जोडणारी लवचीक नळी, आणि शेवटी पंपावरचे जोड. सर्व्हिसनंतर वास सुरू झाला असेल तर आधी फिल्टरच्या वाटीकडे जा. तिथली रबराची रिंग वळते, चिमटते किंवा जुनीच परत घातलेली असते. लवचीक नळीवर बोट फिरवून बघा, भेगा किंवा चिकटपणा लागला तर ती बदलायला झालीय. तिची मुदत निर्मात्याने ठरवून दिलेली असते आणि ती वरून चांगली दिसली तरी पाळायची असते.

नळीवर काळ्या फोमचं आवरण असेल तर ते दाबून बघा. हा प्रकार फार दगा देतो. आतला जोड कधीचा दुरुस्त झालेला असतो, पण फोमने तेल पिऊन ठेवलेलं असतं आणि नळी तापली की ते वास सोडत राहतं. असा फोम कापून टाकायचा, धुऊन उपयोग होत नाही.

जोड ओला सापडला तर पान्हा घेऊन आवळण्याचा मोह होईल. चालू नळीवर तो आवरा. पितळेचा नट आणि तांब्याची नळी यांचा जोड जास्त आवळला की आतली रिंग चेपते, नळी दबते आणि थेंबाची धार होते. टाकीपाशी व्हॉल्व्ह बंद करा, खाली भांडं ठेवा आणि फोन करा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला दोन लिटरच्या आसपास तेल. ते जमिनीत मुरलं की खर्च दुरुस्तीच्या कितीतरी पुढे जातो, आणि आसपास विहीर किंवा पाण्याचा स्रोत असेल तर प्रश्न फक्त तुमच्या घराचा राहत नाही.

जमिनीखालून गेलेली नळी दिसत नाही, तिच्यासाठी एक साधी परीक्षा आहे. रात्री बॉयलर बंद करा, टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, पातळीवर चिकटपट्टीची खूण करा आणि सकाळी बघा. तापमान उतरल्याने पातळी किंचित खाली येते, पण डोळ्यांना सहज जाणवेल एवढी उतरली तर कुठेतरी जातंय.

सांडलेल्या तेलावर कोरडी वाळू किंवा मांजराच्या ट्रेमध्ये घालतात ती माती पसरा, तेल शोषलं की झाडून बंद डब्यात भरा. पाण्याने मोरीत लोटू नका. केरोसीनची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान (फ्लॅश पॉइंट) ३८ अंश सेल्सियसच्या वर असतं, त्यामुळे साचलेलं तेल गार असताना सहज पेट घेत नाही. त्याच तेलात भिजलेलं फडकं मात्र वातीसारखं लगेच पेटतं. अशी फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा. काँक्रीटच्या जमिनीत तेल मुरलेलं असेल तर गळती बंद झाल्यावरही आठवडेच्या आठवडे वास राहू शकतो. भांडी घासायच्या साबणाने घासा, पुसून घ्या, परत घासा. तो रोज थोडा कमी होत असेल तर ठीक. कमी व्हायचा थांबला तर गळती शिल्लक आहे.

रीसेटच्या बटणाबद्दल

बर्नर लॉकआउटला गेला, म्हणजे ज्योत न दिसल्याने स्वतःहून बंद पडला, की लाल दिवा लागतो आणि लोक बटण दाबत सुटतात. ते बटण काय करतं ते समजून घ्या. बर्नरमधला फोटोसेल ज्योत लागली का ते बघत असतो. ठराविक सेकंदांत ज्योत दिसली नाही तर तो तेल बंद करतो. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर तेवढे सेकंद तेल भट्टीत फवारलं जातं, आणि पेटलं नाही तर तिथेच साठतं. पाच-सहा वेळा दाबून शेवटी ते पेटलं, तर आधीचं सगळं साठलेलं तेल एकाच वेळी पेट घेतं. दार उचकटतं, धुरांडं जोडातून निखळतं, घरभर काजळी बसते. म्हणून एकदाच दाबा. पुन्हा लॉकआउट झाला तर बंद ठेवा आणि येणाऱ्याला आपण किती वेळा दाबलं ते खरं सांगा. त्याच्या सुरक्षेचा प्रश्न असतो.

वास परत परत का येतो

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. जळकट वासाच्या तक्रारीत बहुतेक वेळा भट्टीच्या दाराची दोरी, म्हणजे सील, बदलली जाते. वास जातो. चार-सहा महिन्यांनी परत येतो, परत दोरी. अशी घरं मला नेहमी भेटतात, आणि तिथे दारावर बघितलं की सीलच्या कडेपासून बाहेर काजळीचे बारीक काळे ओरखडे फुटलेले दिसतात, वरच्या कोपऱ्यात जास्त, खाली कमी. त्या जागेतून वायू जोराने बाहेर ढकलले गेलेत. दोरी तिथे हरली एवढंच. दाब का वाढला, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

कंदिलाची वात वर चढवली की काच काळी होते, तसंच बर्नरचं आहे. तेल जास्त किंवा हवा कमी झाली की काजळी धरते. ती उष्णता घेणाऱ्या पत्र्यांवर आणि धुराच्या अरुंद वाटांमध्ये बसते. वाट अरुंद झाली की भट्टीत दाब वाढतो, दाब वाढला की बर्नरच्या पंख्याला हवा आत ढकलणं जड जातं, हवा कमी झाली की आणखी काजळी. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. नवीन दोरी काही महिने दाब धरून ठेवते, तेवढ्यात चक्र आतल्या आत वाढत राहतं. माझं ठाम मत आहे की धुराची वाट साफ न करता आणि ज्वलन यंत्रावर न मोजता फक्त सील बदलणारा माणूस दुरुस्ती अर्धीच करून जातो.

पूर्ण काम कसं होतं ते माहीत असू द्या. नोझल बदललं पाहिजे, साफ करून परत घालायचं नाही. त्याच्या छिद्रावरचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत पण फवारा वाकडा करतात. नवं नोझल बॉयलरच्या पुस्तिकेत दिलेल्याच प्रवाहाचं आणि फवाऱ्याच्या कोनाचं हवं. ६० अंशाच्या जागी ८० अंशाचं बसलं तर तेल भट्टीच्या भिंतीवर आपटतं आणि काजळी धरते. इलेक्ट्रोडमधलं (ठिणगी पाडणाऱ्या टोकांमधलं) अंतर मापाने लावायचं, पंपाचा दाब गेज लावून बघायचा. आतले पत्रे, ज्यांना बॅफल म्हणतात, बाहेर काढून घासायचे आणि आले त्याच क्रमाने परत घालायचे. शेवटी धुरांड्यात नळी घालून धुराचा अंक, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि खेच मोजायची. धुराचा अंक, म्हणजे धुरात काजळी किती त्याचं माप, ० ते ९ असा असतो. चांगल्या बर्नरचा शून्य किंवा फार तर एक यावा. ज्योतीचा रंग बघून हवा लावणाऱ्याला सांगा की मोजून लावा.

बर्नर थांबल्यावर येणाऱ्या कच्च्या वासाचीही अशीच गत होते. नोझल बदलून तो तात्पुरता कमी होतो. खरं कारण बहुधा तेल तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही हे असतं, किंवा नळीत हवा शिरलेली असते. बर्नर थांबला की ती दाबलेली हवा फुगते आणि तेल पुढे ढकलते. टाकी तळापर्यंत रिकामी होऊ दिल्यावर हा त्रास हमखास होतो, वर तळाचं पाणी आणि गाळही फिल्टरमध्ये येतो. हवा पूर्ण काढणं हेच त्यावरचं काम.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बॉयलरच्या आतलं कव्हर, भट्टीचं दार, बर्नर, नोझल, पंप, इलेक्ट्रोड आणि धुरांड्याचे जोड यांना घरमालकाने हात लावायचा नाही. हाताला कामाची सवय असली तरी नाही. ठिणगीसाठी हजारो व्होल्ट लागतात. शिवाय दार परत बसवल्यावर ते खरंच बंद झालं का, हे यंत्राशिवाय कळत नाही.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर बॉयलर त्याच क्षणी बंद करायचा आणि तपासून होईपर्यंत चालू करायचा नाही: खोलीत डोळ्यांना दिसणारा धूर, कव्हरवर किंवा भिंतीवर ताजी काजळी, सुरू होताना धप्प आवाज, धुरांड्यातून काळा किंवा निळसर धूर, एकदा रीसेट करूनही लॉकआउट, नळीतून धार, आणि अर्थातच अलार्म. थंडीची रात्र आहे, लहान मूल आहे, म्हणून आजची रात्र चालवू, असं करू नका. त्या रात्रीपुरती दुसरी सोय बघा. विजेचा हीटर, नाहीतर शेजाऱ्यांचं घर.

बोलवायचा तो तेलाच्या बर्नरचा जाणकार हवा, आणि तुमच्या देशात त्यासाठी नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर तो बघून घ्या. गॅसचा किंवा नळाचा चांगला कारागीर या कामाला उपयोगी पडतोच असं नाही. फोनवर वास आहे एवढंच सांगू नका, आपला टिपणांचा कागद वाचून दाखवा: कच्चा की जळकट, चालू होताना की थांबल्यावर, शेवटची सर्व्हिस कधी झाली, तेल कधी भरलं.

काम झाल्यावर तो निघायच्या आधी कव्हर लावून, खिडक्या बंद करून आणि घरातले सगळे पंखे चालू ठेवून बर्नर वीस मिनिटं चालवायला सांगा. मग एकदा बंद करून दहा मिनिटं थांबा आणि त्याच्यासोबत बॉयलरपाशी उभं राहून वास घ्या. ज्वलनाच्या आकड्यांची छापील चिठ्ठी मागून घ्या, तिच्यावर तारीख आणि नोझलचं माप लिहून ती बॉयलरच्या पुस्तिकेत ठेवा. पुढच्या वर्षी येणारा माणूस सगळ्यात आधी तीच मागेल.